हाशमभाईंच्या खोगिराची मूठ

जळगावच्या हाशमभाईंना घोड्यावर बसता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा मामला खोगिराचा आहे आणि खोगीर बनवणाऱ्याला घोडा येत असेलच, असं आपण उगाच धरून चालतो. तेविसाव्या वर्षी ते एकदा या बाजूने चढले आणि त्या बाजूने पडले. तो विषय तिथेच मिटला. पण लग्नाच्या घोड्या पाळणारे धुळ्या-जळगावचे लोक खोगीर घ्यायला त्यांच्याकडेच येत. त्यांचं खोगीर लांबून ओळखू येई. पुढच्या बाजूला, नवरदेवाच्या बरोबर पोटासमोर, हातात मावेल एवढा लाकडी खुंट वर आलेला, त्यावर लाल मखमल. त्याला सगळे मूठ म्हणत.

ही मूठ आली दीपनगरहून. हाशमभाईंचे वडील टांग्याच्या घोड्यांचे साज शिवायचे. जळगावात रिक्षा वाढल्या, टांगे बसले आणि घरात हातावर हात धरून बसायची पाळी आली. तेव्हा पोरगेला हाशम दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत साहेबलोकांच्या क्लबातल्या खुर्च्यांना रेक्झिन चढवायला गेला. तिथले एक साहेब परदेशात शिकून आले होते. येताना त्यांनी टीव्हीवरच्या एका जुन्या मालिकेच्या कॅसेटी आणल्या होत्या. दर रविवारी सकाळी क्लबात एक भाग लागायचा. उजाड माळ, त्यात एक लाकडी गाव, गावात एक फौजदार आणि दर रविवारी त्याच्याशी भांडायला घोड्यावरून येणारा नवा माणूस. इंग्रजी अक्षर कळत नसलं तरी हाशमचं काही अडलं नाही. बाकीचे पिस्तुलं बघायचे, हा दाराशी उकिडवा बसून खोगिरं बघायचा. आठ रविवार मिळावेत म्हणून चार आठवड्यांचं काम त्याने दोन महिने पुरवलं. कंत्राटदार काय वाट्टेल ते बोलला, ते त्याने ऐकून घेतलं.

त्या खोगिरांना पुढे खुंट होता. फौजदार एका हाताने तो धरायचा आणि झपकन वर चढायचा. हाशमच्या मनात पक्कं बसलं की हा खुंट धरण्यासाठी असतो.

त्याच वर्षी शिंदखेड्याचे घोडीवाले हिलाल नाना डोक्याला हात लावून जळगावच्या दुकानात आले. त्यांच्या घोडीवरून एक नवरदेव, बँकेतला कारकून, ऐन बॅण्डसमोर घसरला होता. बाशिंग नाकावर, वऱ्हाडी हसून लोटपोट आणि सासरेबुवा लाल. "हाशमभाई, काहीतरी कर रे बाप्पा," नाना म्हणाले. हाशमने बाभळीचा खुंट तासला, खोगिराच्या सांगाड्यात ठोकला, वर मखमल शिवली. त्यानंतर नानांच्या घोडीवरून एकही नवरदेव पडला नाही. ज्यांनी जन्मात बकरीवरही हात ठेवला नव्हता, ते दोन्ही हातांनी मूठ धरून राजासारखे गेले. बघता बघता प्रत्येक घोडीवाला मूठ मागू लागला.

एकाच गोष्टीने हाशमभाईंचं डोकं फिरायचं. दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक खोगिराची मूठ पिवळी झालेली असायची. "नवरदेवाचे हळदीचे हात," ते कुरकुरत. "धुऊन बसायला काय होतं?" मग जुनी मखमल कापून फेकायची आणि नवी चढवायची. असं चाळीस वर्षं चाललं.

यंदा तुळशीचं लग्न लागायच्या आधी हिलाल नानांचा मुलगा प्रेमराज दुकानात आला. घोड्यांचा कारभार आता त्याच्याकडे आहे. दरवर्षी पाचही खोगिरं दुरुस्तीला येत, या वेळी एकच आलं. प्रेमराजने मोबाइल पुढे धरला.

"चाचा, हे बघा. तिकडचे लोक या खुंटाला दोर बांधतात. गाय पकडली की दोराचे वेढे याच्यावर. हा धरायसाठी नसतोच. आम्ही सगळे खो खो हसलो."

"सगळे म्हणजे कोण?"

"आमचा घोडीवाल्यांचा ग्रुप. आता आम्ही बाहेरून सपाट खोगिरं मागवतोय, जरीची. फोटोत छान येतात." मग त्याच्याच लक्षात आलं की आपण जास्त बोललो. तो म्हणाला, "रागावू नका, चाचा."

हाशमभाई रागावले नाहीत. गिऱ्हाईक गेलं तर त्याचं वाईट वाटतं, पण ते सहन होतं. आपण चाळीस वर्षं चुकीची वस्तू विकली आणि लोक आपल्या कामाला हसताहेत, हे काही गिळवेना. त्यांच्यापाशी होतं काय? घर साधं, मुलगा दुबईत एसी बसवतो, दुकान त्यांच्यानंतर बंद होणार हे ठरलेलंच. नाव होतं, ते असं निघालं.

तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई सुरू झाली, तरी हे त्यांच्या मनातून जाईना. नात अरिबा कॉलेजात आहे. तिने आजोबांकडून मालिकेची खूण विचारून घेतली. लाकडी गाव, फौजदाराचा पांढऱ्या पायाचा घोडा. अर्ध्या तासात तिने मोबाइलवर ती शोधून काढली. हाशमभाई चकित झाले. त्यांना वाटत होतं, क्लबाबरोबर तीही संपली असेल. दोघं दुपारभर बघत बसले. आठही भाग त्यांना तोंडपाठ होते. कोण कुठून येणार ते आधीच सांगत होते. मग नववा लागला. त्यात एक बैल उधळला, फौजदाराने दोर फेकला आणि दोराचं दुसरं टोक सरळ त्या खुंटाला गुंडाळलं.

"बंद कर," हाशमभाई म्हणाले.

"दादा, पुढे मजा आहे," नात म्हणाली.

"एक रविवार," ते म्हणाले. "अजून एक रविवार पुरवायला पाहिजे होतं काम."

त्यांची बायको कनीज लसूण सोलत ऐकत होती. "चाळीस वर्षांत कोणी पडलं का तुमच्या खोगिरावरून?" तिने विचारलं.

"पडण्याचा प्रश्न नाही. चूक ती चूक."

"मग आता काय करणार?"

"शिंदखेड्याला जातो. नानांना तोंडावर सांगतो की मी चुकलो. त्यांच्याकडे चार खोगिरं आहेत, त्यांच्या मुठी कापून सपाट करून देतो. माझ्या नावावर कोणी हसायला नको."

कनीजने पुढे वाद घातला नाही, कारण चाळीस वर्षांचा अनुभव तिच्याही गाठीशी होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने हाशमभाई निघाले. पिशवीत करवत, पटाशी, मेणदोरा आणि सपाट जागी चढवायला मखमलीचे चार तुकडे.

शिंदखेड्यात हिलाल नाना घरी नव्हते. "लग्नाच्या घरी गेले, घोडीबरोबर," शेजाऱ्याने सांगितलं. हाशमभाई पिशवी सांभाळत तिकडे गेले. मांडवासमोर नवरदेव बाशिंग बांधून उभा होता. मारुतीच्या पारापर्यंत मिरवत न्यायचं होतं. पण बॅण्ड गप्प होता आणि घोडीभोवती बायकांचा घोळका जमला होता. घोडीवर नवं कोरं जरीचं सपाट खोगीर होतं. समोर नवरदेवाची आई सुंदरबाई, हातात हळदीची वाटी, आणि चेहरा असा की प्रेमराज दोन पावलं मागे सरकलेला.

"मूठ कोठे शे?" ती विचारत होती.

"मावशी, मूठ नाही याला. नवं खोगीर आहे, भारीचं."

"मंग मी हळद कोठे लावू?"

हाशमभाईंना काही उलगडेना. त्यांनी कडेला उभ्या असलेल्या हिलाल नानांना गाठलं. "नाना, कसली हळद?"

नानांनी त्यांच्याकडे आश्चर्याने बघितलं. "नवरदेव चढण्याआधी आई मुठीला हळद लावते. पाच बोटं. पोरगा धरून राहो, संसारात पडू नये म्हणून. तुले माहीत नही?"

हाशमभाईंना माहीत नव्हतं. खोगीर दिलं की त्यांचं काम संपायचं आणि मांडवातल्या बायकांमध्ये ते कशाला जातील? चाळीस वर्षं ते नवरदेवांच्या हातांना नावं ठेवत होते, आणि ती बोटं आयांची होती.

प्रेमराज अजून हटत नव्हता. "मावशी, ती मूठ खरी दोर बांधायसाठी असते. हे हळदीचं कोणीतरी मागाहून काढलंय."

"तू गप बैस," सुंदरबाई म्हणाली. "मन्हा लगीनमा मन्ही सासूनी लायी. तिन्हा लगीनमा तिन्ही सासूनी लायी. वाडवडिलपाईन शे हाई."

हाशमभाईंनी मनात हिशेब केला. सुंदरबाईचं लग्न बसत होतं. सासूचं काही केल्या बसत नव्हतं. सासूच्या लग्नात हाशमभाई स्वतःच रांगत असतील. नानांनीही तोच हिशेब केला असावा, कारण ते मिशीवरून हात फिरवत दुसरीकडे बघू लागले.

तेवढ्यात सुंदरबाईची नजर हाशमभाईंच्या पांढऱ्या दाढीवर गेली. "चाचा, तुम्ही जुनं माणूस. तुम्हीच सांगा याले. मूठ पहिलेपाईन शे का नही?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. सांगायलाच तर ते आले होते. मी चुकलो, ही मूठ मी क्लबाच्या दाराशी बसून टीव्हीवर बघितली, हे वाक्य त्यांनी गाडीत नरडाणा स्टेशनापासून घोकलं होतं. पिशवीतल्या करवतीचे दात पिंढरीला टोचत होते. समोर ती बाई पिवळी पाच बोटं हवेत धरून उभी होती.

"मी खोगिरं बनवतोय, तेव्हापासून तरी आहे," हाशमभाई म्हणाले.

"ऐक," सुंदरबाई प्रेमराजला म्हणाली.

जुनं खोगीर आणायला माणूस धावला. आल्यावर हाशमभाईंनीच ते घोडीवर चढवलं आणि पोटाखालचा तंग आवळला. सुंदरबाईने मुठीवर पाच बोटं उमटवली, डोळे पुसले, आणि नवरदेव दोन्ही हातांनी ती ओली हळद धरून वर बसला. बॅण्ड वाजला. नवरदेवाला चढवताना मूठ धरून ठेवणाऱ्या हाशमभाईंचेही हात पिवळे झाले होते. चूक तशीच होती, पण आता ती एकट्या त्यांची राहिली नव्हती.

मिरवणूक वळणावर गेल्यावर प्रेमराज जवळ आला. "चाचा, त्या नव्या खोगिरांना मूठ बसेल का?"

"सांगाडा बघावा लागेल. एक दे आत्ता बरोबर."

जरीचं खोगीर खांद्यावर घेऊन ते संध्याकाळी घरी पोचले. कनीजने दार उघडलं. आधी खोगिराकडे, मग त्यांच्या पिवळ्या झालेल्या हातांकडे बघितलं.

"कापल्या का मुठी?"

"नाही. एक नवीन बसवायला आली."

दुरुस्तीला आलेलं ते एक खोगीर दुकानात तसंच पडलं होतं. त्याच्या मुठीवरची हळदीने पिवळी झालेली मखमल नेहमीप्रमाणे कापून फेकायची होती. हाशमभाईंनी ती काढली, पण फेकली नाही. दुसऱ्या दिवशी जरीच्या खोगिराचा नवा खुंट तासून झाल्यावर पिशवीतले नवे तुकडे बाजूला ठेवले आणि तीच मखमल त्यावर शिवली.