फोनवरची बायको

आमच्या कारखान्यात शाळा-कॉलेजांसाठी शरीराच्या अवयवांचे नमुने बनायचे. मी हृदयं रंगवायचे आणि शेजारच्या टेबलावर काकू मेंदू रंगवायच्या, म्हणून सगळे त्यांना मेंदूकाकूच म्हणत. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी काही विसरलं की म्हणायच्या, "थांब, तुला एक काढून देते. ताजा आहे, अजून वाळायचाय."

शिक्षण दहावी, तेही काठावर. पण बावीस वर्षं त्यांच्या हातातून मेंदूच गेलेले. नमुना बघायला आलेल्या शिक्षकांना त्या एकेक तुकडा सुटा करून दाखवत. कपाळामागचा पिवळा, तो विचार करतो आणि जिभेला लगाम घालतो. पार मागचा हिरवा. डोळे पुढे असले तरी दिसतं ते तिथे. कानाजवळचा गुलाबी, ऐकण्याचा आणि आठवणींचा. मानेपाशी जांभळा लहान मेंदू, तोल सांभाळणारा. आणि गुलाबी तुकड्याच्या आत खोलवर बदामाएवढा एक गोळा. तो त्या सगळ्यात बारीक ब्रशने, श्वास रोखून रंगवत. "भीती, माया, सगळं इथून हलतं म्हणे," त्या सांगत. "आहे एवढंसं, पण घर हेच चालवतं."

काकांचा पासपोर्ट फोटोंचा छोटा स्टुडिओ होता. एकदा काढलेला चेहरा ते विसरत नसत. रस्त्यात अनोळखी माणसाला थांबवून म्हणत, "तुमचा डावा कान जरा वर आहे ना? फोटोत मी सरळ दाखवला होता." काकू लाजून चार पावलं पुढे निघून जात. एकुलती एक लेक लग्न होऊन लांब गेलेली. मागे ही दोघंच, एकतीस वर्षं एकमेकांना धरून.

स्टुडिओतला दिवा बदलताना काका स्टुलावरून पडले. डोक्यात उजवीकडे रक्त साकळलं, ऑपरेशन झालं. दवाखान्यात ते काकूंकडे नुसते टक लावून बघत. गुंगी असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. महिन्याभरात चालायला लागले, पेपर वाचायला लागले, घरी आले. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी काकूंनी चहा पुढे केला.

"ठेवा तिथे," काका म्हणाले. "बाई, तुम्ही इथे कधीपर्यंत आहात?"

काकूंना वाटलं, थट्टा करताहेत. "मी कुठे जाणार?"

"तसं नाही हो. आमची ही आली की तुम्ही जाल ना?"

'तुम्ही' हा शब्द त्यांना सुरीसारखा लागला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यांनी मला पहिलं तेच सांगितलं. "एकतीस वर्षांत कधी अहोजाहो केलं नाही गं मला. भांडतानासुद्धा नाही."

काकांनी कपाटातून काकूंचे जुने फोटो काढून शेजारी धरून पाहिले. नाक तेच, हनुवटीवरचा तीळ तोच. म्हणाले, "कमाल आहे. कुणी केलंय काम, पण बेमालूम केलंय."

डॉक्टरांनी समजावलं. चेहरा ओळखणारी जागा शाबूत आहे, माया जागी करणारी जागाही शाबूत आहे. दोघींमधली वाट तुटली असावी. ते बघतात, चेहरा जुळतो, पण आतून काही हलत नाही. मग मेंदू आपल्यापुरतं कारण शोधतो, की ही दुसरीच कुणीतरी आहे.

"जोडता येते का?" काकूंनी विचारलं.

"काहींचं आपोआप सुधारतं. काहींचं नाही."

त्यानंतर आठवडाभराने जेवणाच्या सुट्टीत काकूंनी औषधाची आठवण करून द्यायला घरी फोन लावला. मी समोरच होते. पलीकडून काका इतक्या मोठ्याने बोलले की मलाही ऐकू आलं.

"अगं! आहेस कुठे तू? किती दिवस झाले!"

काकूंच्या हातातला घास तसाच राहिला. कानाकडून येणारी वाट वेगळी असते, ती शाबूत राहिली होती.

तेव्हापासून रोज दुपारी एक वाजता फोन. काका तक्रारी करत आणि काकू स्वतःबद्दलच्या तक्रारी ऐकून घेत. "ती बाई तुझ्या साड्या नेसते. तुझ्या जागेवर बसते. मी काही बोलत नाही, पण मला आवडत नाही."

"अहो, मीच पाठवलंय तिला. तिच्या हातचं जेवत जा. औषध घेत जा."

"तू म्हणतेस म्हणून घेतो. पण तू ये ना. रुसलीस का?"

"नाही हो. काम संपलं की येते."

मग संध्याकाळी त्या घरी जात आणि काका सभ्यपणे दार उघडून म्हणत, "या बाई. तुमच्या हातचं जेवायला सांगितलंय आमच्या हिनं."

एकदा त्यांना राहवलं नाही. दुपारी घरी जाऊन, बोलत बोलत, फोन कानाला लावूनच त्या दार उघडून आत गेल्या. त्यांना वाटलं, आवाज आणि चेहरा एकदम समोर आले तर वाट जुळेल. काका पांढरेफटक पडले. त्यांनी फोन भिंतीवर आपटला. "तिचा आवाज तुझ्याकडे कसा? काय केलंस तिचं?" कोपऱ्यात बसून ते लहान मुलासारखे रडले, आणि ज्या एका माणसाने त्यांना जवळ घ्यायचं, त्याच माणसाला ते घाबरले होते. पुढचे पाच दिवस त्यांनी फोन उचलला नाही. ते पाच दिवस काकूंनी एकही मेंदू रंगवला नाही. ब्रश हातात धरून बसून राहायच्या. सहाव्या दिवशी काकांनी फोन उचलला. काकूंनी पुन्हा तो प्रयोग केला नाही.

वर्ष दीड वर्ष असंच गेलं. मग काकांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात काकू चार दिवस उशाशी बसून होत्या. मी डबा घेऊन जायचे. पाय चेपू लागल्या की काका संकोचाने पाय ओढून घेत. शेवटच्या दिवशी सकाळी क्षीण आवाजात म्हणाले, "बाई, तिला जरा फोन लावून द्याल?"

काकूंनी काकांच्या फोनवरून स्वतःचाच नंबर लावून तो नर्सच्या हाती दिला आणि स्वतःचा फोन घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये गेल्या.

"अगं, ती बाई चांगली आहे," काका म्हणाले. "फार करते माझं. आता तिला घरी जाऊ दे. तिचीही कुणी वाट बघत असेल."

"बरं. सांगते तिला."

"तू ठेवू नकोस फोन."

"नाही ठेवत. बोलतेय मी."

त्या बोलत राहिल्या. दारावरचा पिवळा रंग उडालाय, तुम्ही बरे झालात की देऊ. लेकीचा फोन आला होता. परवा तुमचा निळा शर्ट सापडला. पलीकडून आधी हुंकार येत होता, मग नुसता श्वास, मग तोही नाही. नर्सने फोन काकांच्या कानापासून काढला नाही. काकू थांबल्या तेव्हा ती बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी लेक पोचली. "आई, शेवटी तू जवळ होतीस ना गं?"

"होते," काकू म्हणाल्या.

मला खरं त्यांनी दोन महिन्यांनी सांगितलं, डब्याचं झाकण लावता लावता. "दारापासून सात पावलांवर होते. आत जावंसं फार वाटलं गं. पण आत गेले असते तर त्यांच्यापुरती मी तिथे नसतेच."