बाईंना मी हजेरीला का नेलं

रावेतच्या आमच्या सोसायटीत मला जो मान आहे तो एका दुसऱ्याच माणसामुळे. लिफ्टमध्ये कोणी भेटलं की विचारतं, "काका, मावशी कशा आहेत?"

मावशी म्हणजे माझा मित्र. चाकणजवळच्या आमच्या गावचा, माझ्याच वयाचा, पुरुष माणूस. तरुणपणी तो तमाशात सोंगाड्या होता. गवळणीतली मावशी करायचा, नऊवारी नेसून. त्याचं बोलणं इतकं चावट असे की गावातल्या बायका तंबूच्या बाजूलाही फिरकत नसत. पुढे तेच लुगडं नेसून तो टीव्हीवर दर रविवारी लहान मुलांचा कार्यक्रम करू लागला आणि बरीच वर्षं करत राहिला. आज कर्ते झालेले लोक त्याला रस्त्यात थांबवतात आणि पाया पडतात.

त्याला टीव्हीवर मी नेलं, असं सगळे समजतात. तोच सांगतो तसं, प्रत्येक मुलाखतीत. नेलं मीच, पण कशासाठी, ते आता या पेपरात लिहितो.

मी आकुर्डीला कारखान्यात होतो, पेंट शॉपमध्ये. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत मला बक्षिसं मिळायची. कॉलनीतल्या मुलांसाठी बालनाट्यं बसवायचो. त्यात राजा मी आणि वाघही मीच. मुलं टाळ्या वाजवायची. हसायची मात्र नाहीत. टाळ्या काय, कोणी खूण केली तरी वाजवता येतात.

तो जत्रेत आला की मी मागे उभा राहून बघायचो. नुसता बोर्डावर, म्हणजे स्टेजवर, येऊन पदर सारखा करायचा आणि माणसं लोळायला लागायची. मी घरी आरशासमोर टॉवेल घेऊन तसाच पदर सारखा करून पाहिला आहे. बायको आत आली तेव्हा अंग पुसत असल्याचं दाखवलं.

मग एक नवं चॅनेल निघालं. मुलांच्या कार्यक्रमासाठी त्यांना बोलका, हसरा माणूस हवा होता. चॅनेलच्या बाई कामगारांच्या नाटकांना येऊन गेल्या, माझी चाचणी झाली. बाई म्हणाल्या, "तुमचे उच्चार छान आहेत. आमच्या डोक्यात तुम्हीच आहात. फक्त तुमच्या चाकणकडे एक सोंगाड्या आहे म्हणे, तो एकदा बघावा म्हणते."

त्याला साधी चिठ्ठी लिहिता येत नव्हती, आणि तो माझ्या खुर्चीत बसणार?

"बघाच," मी म्हणालो. "माझाच मित्र आहे. पुढच्या आठवड्यात आमच्या गावची जत्रा आहे, मी नेतो तुम्हाला."

जत्रेत रात्रीच्या तमाशानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा थोडा खेळ होतो, त्याला हजेरी म्हणतात. रात्रभर जागलेली, प्यालेली पोरं समोर असतात आणि त्यांना रात्रीपेक्षा जास्त चावट ऐकायचं असतं. मागच्या वर्षी मी पाहिलं होतं. बाईंनी दहा मिनिटं जरी ऐकलं तरी त्या उठून गाडीत बसतील, याची मला खात्री होती. जाताना जीपमध्ये मी म्हणालो सुद्धा, "बाई, त्याचं बोलणं घरात चालण्यासारखं नाही. वाईट वाटतं, पण सांगितलेलं बरं."

पटांगणात पोचल्यावर मी सरपंचांना सांगून बाईंसाठी खुर्ची मागवली, अगदी पुढे ठेवून घेतली. एक शब्द हुकायला नको, म्हणून. तिथंच माझी चूक झाली. देवळाच्या पायऱ्यांवर नैवेद्य घेऊन आलेल्या बायका उभ्या होत्या. हजेरीला त्या कधी बसत नाहीत. पण शहरातली एक बाई पुढे बसलेली दिसली आणि एक म्हातारी म्हणाली, "ती बसलीया न्हवं? मंग आपुन का उभं?" ती बसली, तिच्यामागे बाकीच्या आल्या, आणि आयांच्या मागे सगळी पोरं. शाळेला जत्रेची सुट्टीच होती.

तो बोर्डावर आला, पदर सारखा केला आणि समोर बघून क्षणभर थांबला. मग त्यानं ढोलकीवाल्याला हातानं गप्प केलं आणि वाकून पोरांना विचारलं, "मी कोण गं?"

"मावशी!"

"आन् ह्या मिशा कुणाच्या?"

"मावशीच्या!"

"अगं बया! मावशीला मिशा असत्यात व्हय?"

एक चिमुरडी उठून उभी राहिली. "माझ्या मावशीला हायेत!"

तिची मावशी शेजारीच बसली होती. तिनं पदरात तोंड लपवलं आणि अख्खं पटांगण हसायला लागलं. मागून एक प्यालेला ओरडला, "ए मावशे, रातचं होऊन जाऊ दे!"

"थांब, तुजी आई हितंच बसलीया. तिला इचारते आन् सांगते!"

तो गडी खाली बसला तो उठलाच नाही. त्या खेळात एक शब्द वावगा गेला नाही. चॅनेलच्या बाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या. मी मुलांकडे बघत होतो. माझ्या वाघाला कॉलनीतली मुलं कधी अशी हसली नव्हती.

परतताना जीपमध्ये बाई म्हणाल्या, "तुम्ही किती मोठ्या मनाचे आहात. स्वतःची संधी असताना मित्राला पुढे केलंत."

तेव्हा तरी मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "गुणी आहे हो. फक्त पितो."

तो दारूला शिवलासुद्धा नव्हता. वडील त्यात गेले म्हणून फडातही तो वेगळा बसायचा. बाईंनी पर्समधून डायरी काढून काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "सांभाळू आपण."

त्यांनी सांभाळलं. पहिलं वर्षभर मेकअपच्या आधी एक माणूस त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा. तो मला सांगायचा, "राव, मी चोर हाय का? सगळ्यांसमोर तोंड उघडाय लावत्यात." मी म्हणायचो, "असंल तिकडची पद्धत." त्यानं ते मानलं. माझं तो सगळंच मानायचा.

मग त्याचं नाव झालं. कारखान्याच्या कँटीनमध्ये रविवारच्या शिफ्टला त्याचाच कार्यक्रम लावलेला असायचा आणि लोक मला म्हणायचे, "भाऊ, तुमच्यामुळं झालं हे." मी जेवणाचं ताट घेऊन टीव्हीकडे पाठ करून बसायचो. दिवाळीत त्याच्या घरचा फराळ यायचा. नातू झाला, तोही मोबाइलवर मावशीचे जुने भाग बघत जेवायला लागला. एकदा म्हणाला, "आजोबा, तुम्ही करा ना मावशी." मी केली. तो घास गिळून म्हणाला, "तसं नसतं."

गेल्या महिन्यात चिंचवडच्या नाट्यगृहात त्याचा सत्कार झाला. त्यानं आग्रह धरला, "तू बोलल्याबिगर मी शाल घेनार न्हाई." मी ठरवलं, आज सगळं सांगायचं, हजेरीचंही आणि दारूचंही. पुन्हा एकदा उपकारकर्ता म्हणून हार घालून घ्यायचा नाही.

माइकसमोर जाऊन मी म्हणालो, "मी ह्याला टीव्हीवर नेला नाही. ह्याचा पत्ता कापावा म्हणून मी बाईंना जत्रेला नेलं होतं."

सभागृह हसलं.

"हसू नका. मी खरं सांगतोय. मी ह्याच्यावर जळत होतो."

आणखी मोठा हशा. हशा असा अंगावर येऊन आदळतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी हशा ओसरेपर्यंत थांबलो आणि म्हणालो, "अजूनही जळतो." त्यावर तर शिट्ट्या आल्या. मागे खुर्चीत बसलेल्या मित्रानं सत्काराची शाल डोक्यावरून पदरासारखी घेतली आणि तो ओरडला, "अगं बया! आन् मी ह्याला दर दिवाळीला चकल्या धाडतीया!"

लोक उभे राहिले. मला त्याचा रागच आला. हशा माझा होता, त्यात ह्याचं काय काम! त्या रागात आणि त्या आनंदात दारूचं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, मी ते सांगितलं नाही. त्यावर कोणी हसलं नसतं.

परत येताना माझा मुलगा गाडी चालवत होता, आम्ही दोघे मागे होतो. आकुर्डीच्या सिग्नलला मित्र हळूच म्हणाला, "ते म्हनलास ते खरं का रं?"

"छ्या. गंमत केली."

"मला बी तेच वाटलं." त्यानं माझ्या मांडीवर थाप मारली. "पर लई टायमावर टाकलंस, भावा. मला सुदिक जमलं नसतं."

ही दाद मला हवीच होती. ती घेऊन मी घरी आलो आणि पुढचे दोन दिवस चांगले गेले, हेही लिहून ठेवतो.

तर ती गंमत नव्हती. आणि मित्रा, तू पितोस असं बाईंना सांगणारा मीच होतो. त्याला आता दिसत नाही, पेपर त्याची सून वाचून दाखवते. तिला विनंती आहे की शेवटपर्यंत वाचावं, आणि हसवायच्या आवाजात वाचू नये.