माजी मुरमं आन भावाची हळद

दुष्काळात आमी मोहोळकडचं गाव सोडून सोलापुरात आलो. वडील गिरणीत कापसाच्या गाठी उचलायचे. आई आन मी घरी बिड्या वळायचो. मी सोळाची, भाऊ सतराचा, आन दोघांच्याबी तोंडावर एकाच साली मुरमं उठली. त्येला उठली तर आई म्हनली, पोरगं वयात आलं. मला उठली तर म्हनली, आता हिला कोन करून घेनार.

झालं. माजी शेंगाची चटणी बंद, गूळ बंद. सकाळी उपाशीपोटी कडुलिंबाचा पाला चावायचा, जीभ दुपारपतुर कडू. भाऊ माज्यासमोर बसून चटणीवर तेल वतून भाकरी खायाचा. मी म्हनले, त्येलाबी मुरमं हायत की.

आई म्हनली, "बाप्याच्या तोंडाकडं कोन बघतंय? पगार बघत्यात."

पगार तरी कुटं व्हता. दिवसभर तालमीत पडलेला असायचा.

दोन ठिकानचे मला बघून गेले, कळवतो म्हनले, ते गेलेच. तिसरं स्थळ मोडनिंबचं. हे मोडलं तर मामानं आणलेला बिजवर हाय, दोन लेकरांचा, तिकडं देऊन टाकू, असं वडलांनी सांगितलं. पोरीनं मधी बोलायची रीत नव्हती.

पाव्हणे येनार त्या सकाळी आईनं शेजारनीकडनं चमचाभर साय मागून आनली, हळद-बेसन कालवून माज्या तोंडाला थापलं. घटकाभरानं मी धुतलं. उरलेली वाटी भावानं गुपचूप उचलली, वरनं डब्यातली हळद आनिक घातली. जास्त येळ ठेवली की जास्त गुण, असं त्येला वाटलं. पाव्हणे लवकर आले, आन दार उघडाया नेमका ह्योच गेला. तोंड पिवळंधमक.

सगळी आत बसली, मला पाटावर आनलं, तरी ह्यो तसाच दारात उभा; मुलाच्या आईनं त्येला खालीवर बघितलं. "पोराला हळद लागलीया व्हय? घरात लगीन हाय आन तुमी बोलला न्हाय?"

भाऊ आपला सरळ.

"लगीन न्हाय मावशी. मुरमाला लावलीया. हिची उरली व्हती."

आईनं डोळं मिटलं. मी पाटावर मान खाली घालून बसलेली, मनात त्या बिजवराची लेकरं दिसाया लागली. मग कोपऱ्यातनं आवाज आला, मुलाचा. तवापतुर त्येनं तोंडातनं शबुद काडला नव्हता.

"गुण येतो का वो?"

तवा मी मान वर केली. माज्यापरीस त्येंच्याच तोंडावर जास्त मुरमं.

भाऊ म्हनला, "आजच लावलीया. उद्या सांगतो."

मुलाची आई पदर तोंडाला लावून हसाया लागली, थांबंचना. मग आईबी हसली, वडीलबी. हसल्यावर न्हाय म्हनायला कुनाला जमंना. पसंती तितंच झाली.

लग्नानंतर दोन वर्सं लई हालाची गेली, तोंड बघायला सवड नव्हती. माजी मुरमं कवा गेली कळलंबी न्हाय. त्येंची मातर चाळिशीपतुर टिकली. कुनी कायबी म्हनलं न्हाय.