मला बटरस्कॉच चालेल का?

"पथ्य पाळत नाही आहात तुम्ही," डॉक्टर रिपोर्टवरून नजर न उचलता म्हणाले.

मला धक्काच बसला. पाळत नाही? मी? ज्या बाईने घरातली चाळणी, लाटणं, तवा, कणकेची परात सगळं वेगळं केलं, फडताळाच्या एका कप्प्यावर 'फक्त माझं' अशी चिठ्ठी चिकटवली, ती पथ्य पाळत नाही?

"पाळते," मी म्हटलं.

"मग हा आकडा खाली का येत नाही?"

ही २०१७ सालची गोष्ट. आदल्या वर्षी वापीच्या याच दवाखान्यात मला सीलिअॅक डिसीज असल्याचं कळलं होतं. गहू आणि जव यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. या आजारात ते पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं. माझं वजन उतरत होतं, जुलाब थांबत नव्हते, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नव्हतं. रक्ताची टीटीजी नावाची तपासणी झाली. ग्लूटेनमुळे शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्यं तीत मोजतात; डॉक्टरांचा आकडा तोच. मग एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून आत पाहणं, आणि बायोप्सी, म्हणजे आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासणं. आतड्याच्या आत अन्न शोषणारी मखमलीसारखी लव असते. माझी झिजून सपाट झाली होती.

औषध एकच, गहू कायमचा बंद. पोळी सोडणं मला फार जड गेलं नाही. माझं माहेर कासाकडचं, भात आणि नाचणीच्या भाकरीवर वाढलेली मी. अवघड होतं ते गोड. दिवाळीत तलासरीला दिरांकडे सगळे करंज्या-शंकरपाळे खात होते आणि मी पोह्यांचा चिवडा चिवडत बसले होते. धाकट्या जावेला, सुनंदाला, ते बघवलं नाही. तिने डहाणूला उन्हाळी वर्गात शिकलेल्या बटरस्कॉचच्या गोळ्या माझ्यासाठी करायला घेतल्या.

"साखर, लोणी, चिमूटभर मीठ. गहू नाही, मैदा नाही. बिनधास्त खा, ताई," ती म्हणाली होती.

मी तलासरीच्या एका शाळेच्या कार्यालयात काम करते. सुनंदाचं घर वाटेवरच. गोळ्यांची बरणी रिकामी झाली की ती भरून द्यायची. एसटीत मळमळू नये म्हणून एक, जेवणानंतर एक, चहाबरोबर दोन. माझ्या वाट्याचं तेवढंच गोड उरलं होतं.

आणि आता डॉक्टर सांगत होते, दुसऱ्या बायोप्सीतही लव उगवलेली नाही.

"रिफ्रॅक्टरी सीलिअॅक असू शकतो. म्हणजे पथ्याला दाद न देणारा. तसं असेल तर स्टिरॉइड द्यावं लागेल. आणि आतड्यात दुसरं काही वाढत नाही ना, तेही बघावं लागेल."

"दुसरं काही म्हणजे? कॅन्सर?"

"आधीच घाबरू नका. पुढच्या वेळी येताना तोंडात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची माहिती आणा. घरची असली तरी. काय, कसं केलं, सगळं."

घाबरू नका म्हणे! परतीच्या वाटेवर राज्याच्या सीमेवरचा अच्छाडचा नाका कधी मागे पडला ते मला कळलं नाही. शेजारी हे बसले होते. मी रिपोर्टच पुन्हा पुन्हा उलटत होते.

दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. तांदूळ कुठल्या गिरणीत दळतो, हिंग कुठला (दुकानातल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, तो मी आधीच बंद केला होता), सॉस, औषधांच्या गोळ्या. सगळं तपासलं, काही सापडलं नाही. राहिलं बटरस्कॉच. त्याची कृती तेवढी लिहून घ्यावी म्हणून रविवारी सुनंदाकडे गेले.

तिने साखर सोनेरी केली, लोणी घातलं, ताटात ओतलं. सगळं बरोबर. मिश्रण गार झाल्यावर तिने तुकडे केले आणि सहज हात लांबवून पोळपाटाशेजारचा डबा ओढला. त्यातलं पांढुरकं पीठ मूठभर भुरभुरवून तिने तुकडे त्यात घोळवले.

"हे काय?"

"पिठी. आपली दमट हवा ना, एकमेकांना चिकटतात मग."

"कसली पिठी, सुनंदा?"

"पोळीचीच की."

"गव्हाची?"

"अहो ताई, गहू घालीन का मी तुमच्या खाण्यात? ही नुसती वरून लावायची."

दीर दारातून म्हणाले, "अगं, वरून लावायची म्हणून ती काय वाळूची असते का?"

त्यांना वाटलं, आम्ही दोघी हसू. कोणी हसलं नाही. सुनंदाचे हात ताटावर तसेच थांबले. इतके महिने त्या तुकड्यांवरचा पांढरा थर मी साखर समजून चाखला होता.

"मीच घालत होते तुमच्या पोटात?" ती म्हणाली आणि खालीच बसली. पोळी लाटताना पिठी हाताला लागते, पण खाण्यात धरावी असं कुणाच्या डोक्यात येतं? माझ्याही आलं नव्हतं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि स्टिरॉइड लांबवलं. "काही महिने बटरस्कॉच बंद. मग बघू."

त्या काळात सुनंदाने मला पाणीसुद्धा भीतभीत दिलं. जाता-येता मी तिच्याकडे थांबले की ती म्हणायची, "घरी जाऊनच जेवा, ताई."

आकडा उतरला. पुढच्या खेपेला आणखी उतरला. डॉक्टर पहिल्यांदाच हसले. "तुमचा आजार पथ्याला दाद देतोय. स्टिरॉइड नको."

तुमच्यापैकी कोणाला हा आजार असेल तर बटरस्कॉचबद्दल एवढंच सांगते. साखर, लोणी आणि मीठ यांत ग्लूटेन नाही. विकतच्या गोळीचं वेष्टन वाचा. गहू किंवा माल्ट, म्हणजे जव, लिहिलेलं असेल तर ठेवून द्या. सुट्या गोळ्या घेऊच नका. दूध सोसत नसेल तर त्यात लोणी आहे हे लक्षात ठेवा, आणि मधुमेह असेल तर ती अख्खी साखरच आहे. आमच्या ह्यांना म्हणूनच मिळत नाही. घरच्या पदार्थात मात्र काय घातलं एवढंच विचारून थांबू नका. कशात घोळवलं, कशावर थापलं, तेही विचारा. माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

त्या दिवशी रिपोर्ट हातात आला तसा दवाखान्याच्या पायरीवरूनच सुनंदाला फोन लावला. आकडा सांगितला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडतेस का गं?"

"नाही. ताई, तांदळाच्या पिठीत घोळवले तर?"

"चालतील. पण मी समोर उभी राहणार."

"राहा की. ढवळायलाही लावीन. हात दुखतो माझा."

"लाव," मी म्हटलं, आणि रिपोर्ट पिशवीत टाकून एसटी स्टँडकडे निघाले.