बुधाजीने लोळवलेले चौघे

पनवेलच्या एसटी स्टँडाजवळच्या हॉटेलात बुधाजीने बारा वर्षांत चार माणसं निदान पाचशे वेळा लोळवली. मुंबईहून आलेले, तोंडाला फडकी बांधलेले चौघे. त्यांनी म्हणे त्याच्या साथीदाराला, भगवानला, खाडीकाठी कापून पाण्यात लोटला, आणि बुधाजी वल्हं घेऊन एकटा त्यांच्यावर तुटून पडला.

आता बुधाजी म्हणजे पायाशी खेकडा आला तरी टुणकन उडी मारणारा गडी. हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? 'वा रे वाघा!' असं तो स्वतःलाच म्हणायचा आणि दुसरा चहा मागवायचा.

खरी गोष्ट एवढीच. दारूबंदीच्या सुरुवातीला कमळाकर, भगवान आणि बुधाजी तिवरांच्या जंगलात हातभट्टी लावत. एका भर दुपारी मालक कोण, यावरून जुंपली आणि कमळाकरने भगवानवर कोयता चालवला आणि प्रेत तिथेच चिखलात गाडलं. बुधाजी तिवरांत दडला. पुढे कमळाकरच्या धाकाने त्यानेच हे चौघे जन्माला घातले. पोलीस बिचारे मुंबईत शोधून दमले. आणि भगवानची बायको मालू बुधाजीला दर भाऊबीजेला ओवाळू लागली. नवऱ्यासाठी जिवावर उदार झालेला भाऊ ना! पाटावर बसताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण करंज्या खायचा हो, चांगल्या चार-चार.

त्रेसष्ट साली खाडीचा बांध फुटला आणि जुन्या भट्टीच्या जागेवर हाडं उघडी पडली. कमरेचा चांदीचा करदोडा मालूने ओळखला. पोलिसांनी कमळाकरला उचलला. तो कोठडीत गेल्यावर बुधाजीला कंठ फुटला: मारणारा हाच, मी पाहिलं! आपल्या झुंजीला मात्र त्याने धक्का लावला नाही. चौघांच्या जागी एक केला, झालं.

अलिबागच्या कोर्टात कमळाकरच्या वकिलाने त्याला सोलून काढला.

"बारा वर्षं चौघे होते, आज एकच? मग वल्हं कोणाला मारलंत? अशा थापाड्याच्या शब्दावर माणूस फासावर द्यायचा, साहेब?"

लोक हसले. पिंजऱ्यात कमळाकरही मिशीत हसला. दुसरा साक्षीदार नव्हता. हा आता सुटणार, हे बुधाजीला स्वच्छ दिसलं. खरं सांगावं, तर मागच्या बाकावर मालू बसलेली. त्याने समोरचा कठडा दोन्ही हातांनी धरला. घ्या, वाघ आला!

"सायेब, मी लढलोच नाय," तो म्हणाला. "धा हातांवर चिखलात बसलो व्हतो. वल्हं हातात व्हतं. भगवाननं तीनदा हाक मारली, 'बुधाजी, ये रं!' मी नाय गेलो. ही लाज लपवाया आन याच्या भ्यानं ते चौघं काढलं. मारला यानंच."

आता कोणी हसलं नाही. वकिलाने आणखी दोन प्रश्न विचारले आणि खाली बसला. पुढच्या आठवड्यात कमळाकरला जन्मठेप झाली.

निकालाच्या दिवशी मालू कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याची वाट बघत उभी होती. रडून तिचे डोळे सुजले होते.

"बुधाजी," ती म्हणाली, "त्यानं हाक मारली तवा दोन पावलं तरी फुडं आला आसशील ना रं?"

एक 'हो' म्हटलं असतं तर ती त्याचा अपराध पोटात घालणार होती. तिला ते हवंच होतं. बुधाजीच्या जिभेवर तो शब्द आयता आला.

"नाय गो," तो म्हणाला. "मागं सरलो."