वरच्या मजल्यावरच्या कौसामावशी

परळीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला गेलो, त्याच दिवशी वरच्या कौसामावशी जिना उतरून आल्या. आमचं नाव-गाव विचारायच्या आधीच म्हणाल्या, "आमच्या घरातून आवाज येतो बरं का, भाऊ. राग धरू नका." भांडणाआधीच माफी मागून ठेवायची त्यांना सवय झाली होती. आधीची घरं त्या आवाजापायीच सुटली होती.

त्यांचे यजमान वीज केंद्रातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी यंत्रांच्या घरघरीत गेली. आता स्मृती गेली होती. बायकोही ओळखू येत नसे. दुपारी घर निवांत झालं, की ते फरशीवर ताट आपटू लागत. "गप झालं की ह्यांना लई भ्या वाटतं," मावशी सांगत. "कावून, ते कुनाला कळंना."

आमच्याकडे अपुऱ्या दिवसांचं बाळ. त्याचा कसाबसा डोळा लागायचा आणि वर दणका बसायचा. बायको रडकुंडीला यायची, मी वर जायचो. मावशींनी ताट लपवलं, गोधड्या अंथरल्या, दिवसभर रेडिओ लावून पाहिला. यजमान मग काठी घेत. काठी काढली, तर मूठ आपटत.

एका दुपारी आवाज एकदम दबला. आभार मानावेत म्हणून वर गेलो. दार उघडंच होतं. यजमान मूठ आपटत होते आणि मावशींनी तिच्याखाली आपला तळहात धरला होता.

"मावशी, हे काय?"

"हातावर पडलं की वाजत न्हाई," त्या म्हणाल्या. "लेकरू झोपलं का?"

त्यानंतर मी तक्रार केली नाही. इतर भाडेकरू मात्र करत राहिले. घरमालकाने मावशींना जागा सोडायला सांगितली, तेव्हा मी त्याला भेटलो. त्याने हातच जोडले. "मला बी वाईट वाटतंय, भाऊ. पर बाकीचे खोल्या सोडतो म्हनतेत. तुमीच सांगा, काय करू?"



मावशी धर्मापुरीकडे, भावाच्या शेतातल्या खोलीत राहायला निघाल्या. मी गाठोडी टेम्पोत चढवत होतो. समजूत काढावी म्हणून म्हटलं, "तिथे कुणाची कटकट नाही, मावशी."

"न्हाई ना," त्या म्हणाल्या. "पर रातीबेराती ह्यांना काय झालं, तर माझी हाक बी कुनाला ऐकू जायची न्हाई."

मी पुढचं गाठोडं उचललं.