बारापर्यंत थांबायचं होतं

मंदार, तो फोन आधी खाली ठेव आणि हे पत्र नीट वाच. दोन वर्षांत मावशीला एक कॉल नाही, आणि मॉरिसव्हिलहून मेसेज काय, तर "एल्क हंटिंगला येतोय, टिप्स दे." मेसेजवर टिप्स मिळत नाहीत, बाबा. म्हणून हे लिहितेय.

तेव्हा मी अमेरिकन आर्मीत मेडिक होते, सगळे डॉक म्हणायचे, पोस्टिंग कोलोरॅडोत. शिकारीच्या सीझनचा पहिला दिवस. सरकारी जंगल, कुणीही यावं. पहाटे पाचला पायवाटेच्या तोंडाशी तीस-एक ट्रक उभे. एवढ्या माणसांमुळे एल्क, ती घोड्याएवढी हरणं, वर उभ्या चढावर, दाट झाडीत शिरलेले. बरोबर स्टाफ सार्जंट रे. तो शेजारच्या डोंगरधारेवर होता.

सकाळी ७:४० ला मी एका मादीवर गोळी झाडली. गोळी जरा मागे लागली, पोटात. रेडिओवर रेला सांगितलं.

"डॉक, बारापर्यंत हलायचं नाही. तिला पडून राहू दे. मी येतो. ओव्हर."

"रॉजर."

नियमच आहे तो. पोटात लागलेलं जनावर जवळच बसतं. उठवलं तर मैलभर जातं. पण ८:०५ ला खालून दुसऱ्या शिकाऱ्यांच्या चार केशरी टोप्या चढताना दिसल्या. त्यांनी तिला संपवलं तर परवान्याचा टॅग त्यांचा लागणार, जनावर त्यांचं. ८:२० ला मी उठले. ती स्प्रूसखाली बसली होती. माझ्याकडे बघितलं आणि मी रायफल खांद्याला लावेपर्यंत धार ओलांडून गेली.

बाराला रे आला. "उठवलीस का तिला?"

"नाही. इथेच होते."

झालं. माझ्या शब्दावर त्यानं जवळचीच झाडी चार तास पालथी घातली, गुडघ्यांवर बसून रक्ताचे थेंब शोधत. मला दिशा माहीत होती. तीनला बर्फ सुरू झाला. तरी मी त्याच्या मागून तीच झाडी शोधत राहिले.

दुसऱ्या दिवशी धारेपलीकडे कावळे दिसले. मांस खराब झालं होतं. रेनं टोपी काढली. "चल, डॉक," एवढंच म्हणाला.

पुढच्या डिप्लॉयमेंटमध्ये कॉन्व्हॉयमधला पहिला ट्रक त्याचा होता, तोच सुरुंगावर गेला. रक्त थांबवायला मी टूर्निकेट बांधला, वर वेळ लिहिली, ११४२.

"हेलिकॉप्टरला किती वेळ, डॉक?"

"चाळीस मिनिटं."

खरं तेच सांगितलं. त्यानं मान हलवली. तेवीस मिनिटं मी त्याचा हात धरून होते, शेवटच्या श्वासापर्यंत तो शुद्धीवर होता. एल्कचं तेव्हाही सांगितलं नाही.

तू सीझनच्या चार दिवस आधी ये. थालीपीठ लावते, आणि रेचा फोटो दाखवते. लवकर ये रे.